सहा पावलांची जमीन

चुलीवरचं दूध ढवळताना दिक्को डावाचे फेरे मोजत होती. शेजारच्या टणक, पांढुरक्या जमिनीवर तिनं भोपळ्याच्या वाटीनं पाणी ओतलं होतं. दोनशे फेरे झाले तरी ते तसंच साचून होतं. मग तेवढंच पाणी तिनं सहा पावलांवरच्या ज्वारीच्या बुडाशी ओतलं. अकराव्या फेऱ्याला ते जिरलं.

तिनं रुईच्या पानांचा रस दुधात गाळला. दूध फाटलं, चीज वर आलं, खाली हिरवट निवळी राहिली. वस्तीतल्या बायका ती झोपड्यांमागं फेकून देत. आता ज्वारी आहे त्या, तेव्हा नापीक असलेल्या तुकड्यावर दिक्कोनं गेल्या पावसाळ्यात ती ओतली होती, पण तिच्यातच मीठ घालून चीज उकळल्यावर, आणि कढत. होतं तेवढं गवतही करपलं. तुकडा देणारा शेतकरी वोरू बघायला आला नि म्हणाला, "वहिनी, आम्ही आधी पिकवतो, मग शिजवतो."

यंदा तिनं मीठ घालायच्या आधीच निवळी काढली, गार केली, पाणी घालून ओतली. तिसऱ्या महिन्यात ढेकूळ बोटांनी फुटलं. आत गांडूळ होतं. मग तिनं लाल ज्वारी लावली. तिच्याच पानांनी चीज रंगवायचं असतं.

पण हे निवळीच्या आंबटपणानं झालं, की मातीतलं काही जिवंत ती पिऊन वाढलं? एका हंगामात कळणार नव्हतं. आणि गायींचा कळप उद्या चाऱ्यासाठी दक्षिणेला निघणार होता. चौदा वर्षं ती नवऱ्याबरोबर, बेलोबरोबर गेली होती. यंदा येणार का, हे त्यानं आठ दिवसांपूर्वी विचारलं होतं. तिचं अजून ठरलं नव्हतं.

बेलो दोर घेऊन आला. "मग? तुझी भांडी गाढवावर बांधू ना?"

"तिला काय विचारतोस?" चटईवरून सासू म्हणाली. तीन दुभत्या गायी घेऊन ती दरवर्षी मागं वस्तीवर राहायची. "तिच्या ज्वारीला विचार."

"आई, लोक म्हणतील, बेलोला बायकोनं टाकला."

"म्हणू देत. तुला वाटेत करमेल, गप्पा मारायला गाढव आहे."

बेलो हसला नाही. दिक्कोनं पहिल्या, टणक जागेकडं पाहिलं. पाणी अजून तिथंच होतं. तिनं डाव खाली ठेवला.

"भांडी राहू द्या," ती म्हणाली. "मी येत नाही. पलीकडची सहा पावलंही निवळी ओतून बघायचीत."