खुणेपर्यंत तेल

ते साल २०१८. आमच्या दुधाच्या टेम्पोला उचगावच्या इलाही मेस्त्रींनी दुसरं इंजिन बसवलं. त्याच्यासोबत तेल बघायची पट्टी आली नव्हती, म्हणून मी कपाटातली जुन्या इंजिनाची पट्टी काढून दिली. तिच्यावर माझ्या नवऱ्यानं जिवंतपणी कानशीनं खूण घासली होती.

साडेतीन लिटरलाच तेल खुणेला लागलं.

"ह्याला पाच लागतंय. पट्टी लांब पडत्या, खूण आधीच भिजत्या, वैनी," मेस्त्री म्हणाले.

"दादाची खूण चुकंल व्हय?" माझे दीर शशिधर उसळले. "तेल इकायला बसलायसा काय?"

नवऱ्याचा मान राहिला म्हणून मला बरंच वाटलं. मी तेलाच्या डब्याला झाकण लावलं.

शशिधर टेम्पो घेऊन शाहूवाडीकडं निघाले. टेम्पो वळणाआड गेला तरी इंजिनाची टकटक ऐकू येत होती. उरलेल्या तेलाचा डबा पायरीवर तसाच होता.

दुपारी चढावर इंजिन जॅम झालं आणि टेम्पो मागं घसरत ओढ्यात गेला.

शशिधर दोन वर्षं कुबड्यांवर काढून वारले. टेम्पो भंगारात गेला. मेस्त्री आता आधी तेल मोजून ओततात आणि मग पट्टीवर नवी खूण करतात. जुनी पट्टी माझ्याकडंच आहे. ती कुणी मागितली नाही.