फेकता येत नाही तर आठ काढ

"बाबा, ही आमिषं आहेत की चुलीत घालायची लाकडं?" बोटीत बसल्या बसल्या डबा उघडून आमच्या जावयाने, ट्रॅव्हिसने, विचारलं.

एरवी माझ्या नवऱ्याने त्याला सोडलं नसतं. पण आज ऑर्विलचं लक्ष नव्हतं. खांदा कामातून गेला होता. मस्की हा आमच्या तळ्यातला सगळ्यात मोठा शिकारी मासा, त्याचं आमिष म्हणजे हातभर लांब, चांगलं वजनदार. ते दिवसभर फेकणं आता त्याला झेपेना. 'विकणे आहे' अशी पाटी सकाळीच रंगवून त्याने बोट वाहून नेण्याच्या गाड्याला अडकवली होती. आज मस्की लागला नाही, तर बोट जाणार. बोट नसलेला ऑर्विल हिवाळाभर खिडकीशी बसून गोठलेलं तळं बघत राहणार, या विचाराने मला नाश्ता गोड लागला नव्हता.

ट्रॅव्हिस अलाबामाचा, बास मासे पकडण्यात वाढलेला. त्याच्या डब्यात बोटाएवढे रबरी किडे आणि इवलेसे बेडूक. बासचं काम सोपं. पाणकमळांच्या कडेला आमिष हलकेच टाकायचं, जरा नाचवायचं. झडप घातली तर घातली, नाहीतर आमिष उचलून दुसरीकडे टाकायचं. मस्की तसा नाही. तो आमिषाच्या मागे मागे थेट बोटीपर्यंत येतो, मुलगी बघायला आल्यासारखा नीट बघतो आणि नापसंत करून निघून जातो.

"म्हणून बोटीशी आलं की उचलायचं नाही, जावईबापू," ऑर्विल म्हणाला. "गळाच्या काठीचं टोक पाण्यात घालायचं आणि इंग्रजी आकड्यातला आठ काढायचा. एक मोठं वळण, त्याला जोडून दुसरं. मासा दिसो न दिसो, दर वेळी."

"समजलं, बाबा."

कसलं समजलं! थोड्याच वेळात त्याच्या आमिषामागून ओंडक्यासारखी सावली आली. आणि या पठ्ठ्याने सवयीप्रमाणे आमिष झटकन उचललं. सावली बोटीखाली गेली.

"गेला," ऑर्विल म्हणाला. त्याने आपली काठी खाली ठेवली. "चला घरी."

माझं डोकंच फिरलं. "अरे, गेला कुठे? तुझ्या बुडाखाली आहे तो. फेकता येत नाही तर फेकू नकोस. आठ काढायला खांदा कशाला लागतो?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग गुडघे टेकले, काठी पाण्यात खुपसली आणि आठ काढला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मोठं वळण घेताना पाणी फुटलं आणि काठी वाकली.

"जाळं," ऑर्विल ओरडला. "इर्मा, जाळं!"

मी जाळं घातलं. ट्रॅव्हिस मला धरून होता, नाहीतर मीही पाण्यात गेले असते. मासा माझ्या कमरेपर्यंत भरेल एवढा होता आणि तोंडात नुसते दात. ऑर्विलने पक्कडीने गळ काढला. मग शेपटीशी धरून मासा पाण्यातच सरळ ठेवला, दम येईपर्यंत. आमच्याकडे मस्की घरी नेत नाहीत.

"सोडला?" ट्रॅव्हिसचा आवाज रडवेला झाला होता. "फोटो तरी काढायचा ना, बाबा."

"पुढच्या वेळी तुझ्या माशाचा काढू," ऑर्विल म्हणाला.

धक्क्यावर आल्यावर त्याने गाड्याची पाटी काढली, उलटी करून बोटीतल्या पुढच्या सीटखाली टाकली आणि आपले ओले बूट तिच्यावर ठेवले.