तिसरं पाणी

बकरी गाडीच्या बॉनेटवर चढली तेव्हा गाडीचे मालक माझ्या हातचा चहा पीत होते. पांढरी, नवी कोरी गाडी, यवतमाळहून पुसदला निघालेली. आत्ताच धुऊन-पुसून रॅम्पवरून खाली उतरवली होती. आणि तिच्यावर आमची रूपी, चारी पाय जवळ घेऊन, गड जिंकल्यासारखी उभी.

"अहो, ही बकरी कोणाची?" साहेब ओरडले.

आमची, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. सासूची झाली. "माही हाय," ती कौतुकानं म्हणाली. "गाभण हाय, हळू उतरवजा."

बॉनेटवर खुरांचे दोन ओरखडे निघाले. पुन्हा या रस्त्यानं आलो तर गाडी मळकीच नेईन, असं बजावून साहेब गेले.

शामनं मशीन बंद केलं. शाम माझा नवरा. त्याचं नाव असं लिहिलं तरी सासू रागावणार नाही, तिला वाचता येत नाही. तो आईला काही बोलला नाही. मला बोलला. "तुले किती खेपा सांगतलं, बकऱ्या बांधत जाय म्हणून? धंदा हाय का कोंडवाडा?"

लेकी बोले सुने लागे, म्हणतात. आमच्याकडे सुनेलाच बोलतात आणि सुनेलाच लागतं. सासू शांतपणे रूपीचे कान खाजवत होती. मी मनात ठरवलं, आज हिच्याशी अवाक्षर बोलायचं नाही.

दिग्रस-पुसद रस्त्यावर, आमच्या बंजारा तांड्याच्या तोंडाशी आमचं हे दुकान. होळी झाल्यावर सुरू केलं. शामनं सात वर्षं पुण्यात दुसऱ्याच्या गाड्या धुतल्या, मग म्हणाला, आता आपल्या दारात धुतो. बोअर मारली, काळी टाकी बसवली, सिमेंटचा रॅम्प बांधला आणि नागपूरहून मशीन आणलं. त्या मशीनच्या पाण्याचा मारा असा, की समोर बोट धरलं तर कातडं सोलून निघेल. वर पाटी लावली: जय सेवालाल वॉशिंग सेंटर.

पहिल्या दिवशी सगळा तांडा बघायला आला होता. मोटारसायकलीवरून चिखल सरसर उतरला, माणसं वा वा करत होती. माझी सासू भुरीबाई मात्र गाडीकडे बघतच नव्हती. ती नालीकडे बघत होती.

"बापा," ती म्हणाली, "हे सारं पानी नाल्यात?"

लग्न होऊन आली तेव्हापासून चाळीस वर्षं तिनं डोक्यावर पाणी वाहिलं. उन्हाळ्यात विहिरीत उतरून वाटीवाटीनं पाण्याचा गुंड भरला. तिच्या डोक्यावर मधोमध केस विरळ झालेत, ते पाण्याच्या गुंडांनी झालेत. ती घरात गेली आणि घमेलं घेऊन आली. त्या दिवसापासून ती आणि घमेलं रॅम्पच्या कडेला कायमची बसली.

तिचं स्वतःचं शास्त्र होतं. पहिलं पाणी चिखलाचं, ते पाटानं परसातल्या वांग्यांना. दुसरं फेसाचं, ते जाऊ द्यायचं. तिसरं पाणी नितळ; ते घमेल्यात धरायचं, बोट बुडवून जिभेला लावायचं, साबण लागला नाही तर बकऱ्यांना. गिऱ्हाइकांना याचं हसू यायचं, मला लाज वाटायची. पण खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात अख्ख्या तांड्यात फक्त आमची वांगी हिरवी होती.

बकरीच्या त्या दिवशी, साहेब गेल्यावर, रॅम्प रिकामाच राहिला. पावसाळ्यात गाडी कोण धुतं? शाम तासभर रस्त्याकडे तोंड करून बसला होता. तेवढ्यात बाबुलालचा ट्रॅक्टर आला. मागे फवारणीची मोठी टाकी. बाबुलाल शेतोशेती फिरून कपाशीवर औषध मारून द्यायचा.

"धुऊन दे ना गड्या, अंदरून-बाहेरून," तो म्हणाला. "नाल्यावर धुतो तर लोकं बोंबलते."

याआधी दोनदा शामनं त्याला परत पाठवलं होतं. तसला माल मी धूत नाही, म्हणाला होता. त्या दिवशी त्यानं रिकाम्या रॅम्पकडे पाहिलं.

"घे वर," तो म्हणाला.

तोंडाला दुपट्टा बांधून तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. "पुष्पा, याडीले सांग, ह्या ट्रॅक्टरचं पानी घ्याचं नाही. एक थेंब नाही. सांगतं ना?"

"हो," मी म्हणाले.

याडी म्हणजे आई. मीही तिला याडीच म्हणते.

मी सांगितलं नाही. विसरले असते तर बरं झालं असतं. विसरले नव्हते. सकाळचं बोलणं माझ्या डोक्यात नुसतं उकळत होतं. मला वाटलं, औषधाचा वास तर येईलच, ती आपणच उठेल. आणि नाही उठली, तर शामला दिसेल आणि एकदा तरी तो तिला तोंडावर बोलेल. आयुष्यात एकदा तरी. एवढंच मला हवं होतं. याहून वाईट काही मनात नव्हतं, हे मी देवळात उभं राहूनही सांगेन. पण एवढं होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून रॅम्प दिसतो. मशीन घरघरत होतं. शाम ट्रॅक्टरच्या पलीकडच्या बाजूला. सासू अलीकडे, घमेलं मांडीशी घेऊन. पहिलं पाणी पांढरट आलं, त्याचा उग्र वास माझ्यापर्यंत आला. तिनं नाक पदरात धरलं आणि ते जाऊ दिलं. बघ, मी म्हटलं, कळतंय तिला. दुसरं फेसाचं. तेही जाऊ दिलं. मग बराच वेळ नितळ पाणी वाहिलं. तिनं घमेलं भरलं. बोट बुडवलं. जिभेला लावलं.

माझी भाकरी तव्यावर होती. एवढी उलटवते आणि जाते, असं मी स्वतःला सांगितलं. उलटवली. ती टम्म फुगली. मी ती पुन्हा उलटवली. मान वर केली तेव्हा सासू घमेलं कमरेवर घेऊन बकऱ्यांकडे निघून गेली होती.

मी धावले. मी धावले हे खरं आहे. पण रूपीचं तोंड घमेल्यात होतं, आणि शेजारी तिची मागच्या वेताची लेकही. मी घमेलं लाथेनं उडवलं.

"काय व, येडी झाली काय?" सासू म्हणाली.

थोड्या वेळानं रूपीचे पाय थरथरायला लागले. तोंडातून लाळेची तार सुटली. शाम धावत आला, त्यानं रूपीकडे पाहिलं आणि आईचे दोन्ही खांदे धरले.

"याडी, तू पेली का? तू पेली का?"

"मी कायले पिऊ? निस्तं बोट लावलं."

बाबुलालच्याच ओळखीची जीप मिळाली. दिग्रसला पोचेपर्यंत सासू दोनदा ओकली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं, आणि म्हणाले, बोटावर निभावलं. दोन्ही बकऱ्या आम्ही दिग्रसला पोचायच्या आधीच गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, "रूपी?"

शामनं तिच्या अंगावरची चादर सारखी केली. ती भिंतीकडे तोंड करून पडली. "पोटात दोन होते तिच्या," म्हणाली. मग, "पानी तर साजरं होतं ना व, नितळ, साफ. मले कसं नाही समजलं? माह्या हातानं पाजलं मी."

शामनं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे रात्रभर जागून लाल झाले होते. "तू सांगतलं होतं ना तिले?"

खोटं बोलायला वेळ लागतो असं मला वाटायचं. लागत नाही.

"सांगतलं होतं," मी म्हणाले.

"मंग, याडी? पुष्पानं सांगतल्यावरही तू…"

सासूनं मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, त्या नजरेत राग नव्हता. ती आठवायचा प्रयत्न करत होती. म्हातारं माणूस हरवलेली किल्ली शोधतं तशी ती आदल्या दुपारच्या आठवणीत शोधत होती, मी केव्हा सांगितलं ते.

"सांगतलं असन," ती म्हणाली. "मशीनचा आवाज होता. मले आयकू नाही आलं असन. पुष्पा कायले खोटं बोलन?"

माझ्या हातात तिचा चहा होता. तो मी तिला पाजला.

आता शाम फवारणीचं काही धूत नाही. त्यानं रॅम्पमागे शोषखड्डा खणला, पाणी पाइपानं थेट त्यात जातं. बाबुलाल दुसरीकडे धुतो. धंदा आहे तसा चाललाय. दिवाळीला बऱ्या गाड्या आल्या. घमेलं भिंतीशी पालथं पडलंय. कोणी उचलत नाही.

सासू अजून रॅम्पच्या कडेला येऊन बसते, सवयीनं. पाणी येतं, जातं. पहिलं, दुसरं, तिसरं. ती मांडीवर हात ठेवून बघत राहते. सुरुवातीला शाम सारखं म्हणायचा, दुसरी बकरी आणू. ती म्हणायची, आता नको, मले समजत नाही.

मी दुपारी माठातलं पाणी नेऊन देते. पेला हातात धरून ती थांबते. ज्या बाईनं चाळीस वर्षं अख्ख्या घराला पाणी ओळखून पाजलं, ती पेल्यात डोकावते आणि मग मलाच विचारते.

"पुष्पा, साजरं हाय ना हे?"

रोज वाटतं, आज सांगून टाकावं. तुझ्या जिभेची चूक नव्हती, कानाची नव्हती.  

पण मी पेला घेते आणि आधी एक घोट स्वतः पिते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. मी गिळलं की ती हात पुढे करते.