बिनठिगळाची टेप

मी एक जुना कागदाचा कपटा आहे. नखाएवढा, तोही करंगळीच्या. हसू नका मित्रांनो. एके सकाळी अख्ख्या गावाचं पाणी माझ्या एकट्याच्या अंगावर येऊन पडलं होतं. फुशारकी वाटेल, वाटू दे. नखाएवढ्या जिवाने फुशारकी मारायची नाही, तर काय डोंगराने मारायची?

तुमच्या घरातल्या फोनवर मधूनच निरोप येतो ना, नवा पॅच आलाय, आधीची चूक सुधारणारा, टाकून घ्या म्हणून? मग घरातलं कुणीतरी कुरकुरतं, "आत्ताच बरा मुहूर्त मिळाला याला!" पॅच म्हणजे ठिगळ. आता त्या चकचकीत काचेमागे सुईदोरा घेऊन कोण बसलंय? कुणीच नाही. तो शब्द आमच्या घराण्यातला, कागदी ठिगळांच्या.

आमच्या काळी यंत्राला हुकूम द्यायचा तो कागदाच्या पट्टीवरून. दोन बोटं रुंद, आणि लांबी म्हणाल तर उलगडली की घरी जाऊन जेवून परत यावं, तरी उलगडतेच आहे. तिला टेप म्हणायचे. टेपवर ओळीने बारीक भोकं पाडायची. अमुक भोकं म्हणजे दोन, तमुक भोकं म्हणजे सहा. यंत्र ती वाचायचं आणि मुकाट्याने तेवढं सरकायचं. पण कागदाला पाडलेलं भोक काही परत घेता येत नाही. चुकलं तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. तेच ठिगळ, तोच पॅच. पुढे टेपा गेल्या, भोकं गेली, चूक मात्र कुठे गेली नाही, म्हणून शब्द राहिला.

माझा जन्म एका कारखान्याच्या टेपखोलीत झाला, सकाळी पावणेआठला. जन्म कसला, फाटलोच. टेप करणाऱ्या मुलीला सगळे टेपताई म्हणत. तिने डब्यातला खाऊ ज्या कागदात गुंडाळून आणला होता, त्याचा कोपरा टर्रकन फाडला. तो मी. अंगाला चांगलं तेल लागलेलं. मला वाटलं, वा, तेल चोपडलेला पैलवान म्हणजे आपणच!

ताई मात्र सारखी घड्याळाकडे बघत होती. एका जागी दोनाऐवजी तिने सहा मारला होता. दोन भोकं जास्तीची. नवी टेप काढायला दीड तास लागला असता, आणि ड्रिल मशीन बरोब्बर आठला सुरू व्हायचं होतं.

ठिगळाचा खरा कागद काळा आणि जाड. तो साहेबांच्या कपाटात असायचा. या साहेबांना पाठीमागे सगळे फूटपट्टी म्हणत. आईबापांनी दुसरं काही ठेवलं असणार, पण चालणं, बसणं, रागावणं, सगळं सरळ रेषेत. त्यांच्याकडून काळा कागद घ्यायचा, आणि टेपच्या कोऱ्या टोकावर लाल पेन्सिलीने लिहायचं, ठिगळ कितव्या जागी आहे ते. खाली सही. बस्स, एवढंच.

मग ताईने का नाही लिहिलं? कारण तिचा दादा. तो त्याच कारखान्यात ड्रिलचा मिस्त्री. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर त्याने साहेबांना ऐकवलं होतं, "ठिगळ? आमच्या हिच्या टेपला? साहेब, चंद्राला ठिगळ लागेल, हिच्या टेपला नाही लागायचं." सगळे ताईकडे बघून हसले होते, आणि ताईसुद्धा लाजून हसली होती. ते हसणं आता तिला आडवं आलं.

तिने मला त्या दोन भोकांवर दाबलं, खळ फुंकून सुकवली आणि टेप गुंडाळून निघाली.

मशीनवर चढवलं होतं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक मोठं झाकण. एवढं मोठं, की त्यावर चौघे पत्ते खेळत बसले असते आणि पाचवा चहा घेऊन हिंडला असता. गावाला पाणी चढवणाऱ्या पंपाचं होतं ते. जुनं तडकलं होतं. नऊ दिवस गावात टँकरपुढे भांडी घेऊन रांगा लागत होत्या. हे एक झाकण ओतून, घासून व्हायला दोन महिने गेलेले, आणि दुसरं तयार नव्हतं. कडेने चोवीस होल पाडायचे की संपलं. फाटकाबाहेर ट्रक उभाच होता.

"साहेब, टेप बघा, मखमल आहे," दादा म्हणाला.

साहेबांनी कोरं टोक उलटसुलट पाहिलं. "ठिगळ?"

ताईने तोंड उघडलं, पण उत्तर दादाने दिलं. "कालच सांगितलं ना साहेब!"

"मग रिकामी फेरी नको. चालवा."

ही रिकामी फेरी म्हणजे काय, ते सांगतो. ठिगळाच्या टेपवर कुणी एकदम भरवसा टाकत नसे. ड्रिल वर उचलून धरायचं आणि पूर्ण टेप एकदा हवेतच चालवायची. चुकलं तर हवेला भोक पडतं. बिनठिगळाच्या टेपला ती भानगड नसे, ड्रिल थेट लोखंडात.

मशीन घरघरलं. रिवाज असा, की टेप जिने केली तिने पहिल्या वेळी शेजारी उभं राहायचं आणि होल झाला की कागदावर टिक करायची. पहिला झाला. टिक. ताईने जरा श्वास सोडला. मशीनच्या वाचकात, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागात, सुया असायच्या, त्या टेपला खालून टोचून बघत. भोक असलं तर सुई वर जाई, कागद असला तर अडकून बसे. शिकताना ताईने रद्दीचीसुद्धा ठिगळं लावली होती, एक सुई कधी फसली नव्हती. आणि मी तर पैलवान! येऊ दे म्हटलं सुईला.

"नवा वाचक बघितलास का गं?" दादा मशीनच्या आवाजावर ओरडला. "परवाच बसवला. सुया गेल्या भंगारात! आता दिवा आहे. उजेड आरपार गेला की भोक, नाही गेला की कागद. आहे की नाही गंमत?"

ताईची पेन्सिल जागच्या जागी थांबली.

मित्रांनो, तेल लागलेला कागद कधी खिडकीशी धरून बघितलाय? धरून बघा. पलीकडचं झाड दिसतं. माझी पैलवानकी त्याच क्षणी उतरली.

मी बसलो होतो एकोणिसाव्या होलवर. एका होलला दीड मिनिट. माझ्या अंगातून उजेड गेला तर झाकणाखालचं टेबल दोन बोटं सरकायच्या ऐवजी सहा बोटं सरकणार, आणि ड्रिल उतरणार ते थेट आतल्या पाण्याच्या वाटेवर. तिथे बीड बिस्किटाएवढं पातळ.

पाचवा. टिक. ताईच्या ओठावर घाम आला.

नववा. टिक.

"दादा," ती म्हणाली.

"काय गं? तहान लागली? थांब, अख्ख्या गावाला पाणी पाजतोय आज, तुला काय कोरडी ठेवतो?"

बाजूचे दोघे हसले. ताईने मान खाली घातली. बाराव्याला टिक कागदाबाहेर गेली.

पंधराव्याला साहेब तिच्याजवळ आले. जन्मात कुणाचं कौतुक न केलेला माणूस, त्याने घसा खाकरला. "टेप नीट आहे. पुढच्या महिन्यापासून नव्या मुलींना तू शिकव."

आता सांगा, अशा वेळी तोंड उघडतं का? कौतुकाने दातखीळ बसते ती भुताने बसत नाही. तिने साहेबांकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, तो शीळ घालत होता. तिने टेपकडे पाहिलं. चिकटलेलं आहे, कदाचित नाही जाणार उजेड, एवढासा तर आहे. असं सगळं तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं.

सतरावा. अठरावा. टेप पुढे सरकली आणि मी दिव्याखाली आलो.

काय सांगू त्या उजेडाचं! मी पोट आवळलं, श्वास कोंडला, मनातल्या मनात काळा झालो. काही उपयोग झाला नाही. उजेड माझ्यातून असा गेला, जसा उघड्या दारातून शेजारी घरात येतो. खालच्या यंत्राने वाचलं, सहा.

टेबल सरकलं. एक बोट. दोन बोटं. तिथे थांबायचं, ते थांबलं नाही.

"थांबव! दादा, ठिगळ आहे!"

दादा वळून बघेपर्यंत ताईने त्याला खांद्याने ढकललं आणि लाल बटणावर मूठ मारली. अशी मारली, की शपथेवर सांगतो, तीन गल्ल्यांपलीकडे झोपलेलं मांजर उठलं असेल. टेबल गचकन थांबलं. ड्रिल खाली यायच्या बेतात होतं. त्याच्या टोकाखाली ती पातळ जागा.

हातातली कामं टाकून सगळे मशीनभोवती गोळा झाले.

"एकोणिसाव्याला ठिगळ आहे," ताई म्हणाली. आवाज फाटला होता, पण ती थांबली नाही. "मी लावलं, आणि लिहिलं नाही. डब्यातल्या कागदाचं आहे."

साहेबांनी टेप सोडवून खिडकीकडे धरली. माझ्यातून एक डोळा बारीक करून पाहिलं. "यातून मला बाहेरचा ट्रक दिसतोय. ड्रायव्हर जांभई देतोय तेही दिसतंय."

त्यांनी टेप ताईच्या हातात दिली.

"मला का नाही सांगितलंस?" दादा हळूच म्हणाला.

"तू सांगू दिलंस? तू चंद्राला ठिगळं लावत बसला होतास."

 दादाने खिशातून लाल पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. ताईने कोऱ्या टोकावर लिहिलं, एकोणीस, आणि खाली सही केली. अक्षर कोंबडीचे पाय उमटावेत तसं आलं, पण आलं. मला खरवडून काढलं, काळा कागद बसला. ड्रिल वर उचलून अर्धा तास रिकामी फेरी झाली, मग उरलेले होल सरळ झाले. ट्रक तासभर उशिरा निघाला. एका तासाचीच तर गोष्ट होती.

साहेबांनी शिकवायचं काम तिला दिलं नाही. महिनाभर टेप करायलाही बसवलं नाही, दुसऱ्यांच्या टेपा तपासायला बसवलं. ताई दोन रात्री जेवली नाही, तिसऱ्या दिवशी जेवली. मला साहेबांनी टेपखोलीच्या खिडकीच्या काचेवर चिकटवलं. नवी मुलगी आली, की आधी माझ्यातून बाहेर बघायला लावत. मोठा मान होता माझा! मग टेपा संपल्या, खोलीला कुलूप लागलं, काचेवर धूळ बसली आणि मला कुणी विचारेनासं झालं. खळ वाळत चाललीय. एक कोपरा सुटलाय. एखाद्या वाऱ्याने मी जाईन.

जाण्याआधी एवढंच सांगतो. त्या सकाळनंतर दादा कुठलीही टेप हातात घेतली, की बहिणीला विचारायचा, "ठिगळ कुठे आहे?" आहे का, असं त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. कुठे आहे, एवढंच. आणि ताई बोट ठेवून दाखवायची.

तुम्हीही एकमेकांना असंच विचारत जा, मित्रांनो. आणि फोनवर पॅच आला, की कुरकुरू नका. कुठेतरी कुणीतरी, सगळ्यांच्या देखत, चालतं मशीन थांबवून म्हणालंय, माझं चुकलं, इथे चुकलं. त्या माणसाचा गळा कसा सुकला असेल, ते मी पाहिलंय. त्याला दोन मिनिटं द्या.