भाड्याचा कोट

बर्फ बघायचा हट्ट शिवगंगाबाईंचाच. महादेवप्पांचा मुळीच नाही. लातूरच्या गंजगोलाईतलं भांड्यांचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून त्यांना घरातला पंखा, दुपारची झोप आणि संध्याकाळच्या चार गप्पा एवढं भरपूर होतं. "उन्हाळा काय आज नवा आला व्हय लातूरला?" असं म्हणायचे. पण त्या मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या खाली यायलाच तयार नव्हता, नळाला नवव्या दिवशी पाणी येत होतं, आणि बाईंनी एकच धोशा लावला. जन्म सगळा भाजण्यात गेला, आता चार दिवस थंडीत काढू. शेवटी उदगीरच्या मल्लेशच्या सहलीत दोघांची नावं लागली. बत्तीस माणसं, नांदेडहून दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढं बसनं मनाली.

मल्लेश पोरगा गुणी. सोबत आचारी, ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याच्या चटणीचे डबे घेऊनच निघायचा. "आपल्या माणसाला भाकर भेटली की मग कुठंबी न्या," असं त्याचं म्हणणं. थंडीचं मात्र त्यानं सगळ्यांना जेमतेमच सांगितलं होतं. एक स्वेटर घ्या, बाकी तिथं भाड्यानं मिळतं.

आणि मिळायचं खरंच. बर्फाकडे जाणाऱ्या रस्त्याला कोटांची दुकानंच दुकानं. लाल, निळे, जाडजूड कोट, पायापासून गळ्यापर्यंत सलग, पुढून चेन लावायचे. आपली माणसं त्यात शिरली आणि कापसाचे गठ्ठे पाय फुटून चालायला लागावेत तशी दिसायला लागली. हसून हसून पुरेवाट झाली. महादेवप्पा तेवढे कोट हातात धरून उभे.

"मला नगं. जीव गुदमरतो."

"अवो, घाला की! सर्दी झाली तर निस्तरायचं मलाच हाय," शिवगंगाबाई म्हणाल्या आणि स्वतःच त्यांच्या गळ्यापर्यंत चेन ओढून दिली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. महादेवप्पांच्या गळ्यात इष्टलिंग होतं. जन्मल्यावर मठाच्या स्वामींनी बांधलेलं, चांदीच्या डबीत घालून दोऱ्याला अडकवलेलं. शिवगंगाबाईंच्या गळ्यातही त्यांचं स्वतःचं होतं. दोघंही सकाळ-संध्याकाळ आंघोळ करून आपापलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायची, पूजा करायची. ते गळ्यात नसेल तर पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा महादेवप्पांचा नेम. एकाचं लिंग दुसऱ्याला चालत नाही. लातुरात अंगावर बनियन आणि धोतर, त्यामुळं डबी दिवसभर छातीला लागलेली. जरा हलली तरी हात तिकडं जायचा. इथं बनियन, सदरा, दोन स्वेटर, वरून हा कोट. डबी आहे की नाही, हे त्या बापड्याला कळणार कसं?

तासभर बर्फात सगळे लहान पोरांसारखे खेळले. महादेवप्पांनीसुद्धा बायकोच्या पाठीत एक गोळा मारला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माणूस एवढा मोकळा हसला, आणि शिवगंगाबाईंना वाटलं, पैसे वसूल झाले. परत येताना दुकानातल्या पोरांनी घाईघाईत सगळ्यांचे कोट ओढून काढले, ढिगावर टाकले. गाडी हॉटेलवर आली.

संध्याकाळी आंघोळीला गेलेले महादेवप्पा उघड्या अंगानं तसेच बाहेर आले. नुसतं छातीवर हात ठेवून उभे राहिले.

"काय झालं? दुखायलं का छातीत?"

"लिंग न्हाई," ते म्हणाले.

खोली पालथी घातली. गाद्या, पिशव्या, गाडीतल्या सीटांच्या फटी, सगळं बघितलं. मल्लेश बॅटरी घेऊन गाडीखालीसुद्धा झोपला. काही नाही. महादेवप्पा पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसले. आचाऱ्यानं गरम भाकरी, पिठलं आणून ठेवलं, ते तसंच निवून गेलं. पाण्याचा पेलाही त्यांनी हातानं बाजूला सारला.

सत्तरीचा माणूस, त्यात दहा वर्षांची शुगर.

"अप्पा, स्वामींना फोन लावतो," मल्लेश काकुळतीला येऊन म्हणाला. "ते म्हणतील, जेवा. परगावी आलाव, चालतं."

"ते म्हणतील. मी न्हाई ऐकणार."

झालं. आचाऱ्यानं निवलेलं ताट उचलून नेलं.

सकाळी पूजा आटोपून, घोटभर चहा घेऊन शिवगंगाबाई मल्लेशसोबत टॅक्सीनं त्या दुकानात गेल्या. दुकानवाली पहाडी बाई मनानं चांगली. तिनं सगळे कोट खाली काढून दिले. दोनशे असतील, अडीचशे असतील. कालच्या माणसांच्या घामाचा वास येणाऱ्या त्या ओलसर कोटांच्या बाह्या बाईंनी एकेक करून उलट्या केल्या, खिसे चाचपले, झटकले. बोटं बधिर झाली. एका कोटात कुणाचा तरी कंगवा निघाला, एकात लहान मुलाचा मोजा. बाहेर कालची बर्फाची जागा शेकडो माणसांनी तुडवून चिखल करून टाकली होती. तिथं काय शोधणार, कपाळ?

"काकू, चला," मल्लेश म्हणाला. "हॉटेलवरून फोन आलता. अप्पांना चक्कर आली."

टॅक्सीत बसल्यावर शिवगंगाबाईंना स्वतःचाच भयंकर राग आला. कुणी सांगितलं होतं बर्फ बघायला? कुणी सांगितलं होतं ती चेन ओढायला? उन्हानं माणूस मेला असता का? मेला नव्हताच की सत्तर वर्षं. आणि आता ह्या परमुलखात, थंडीत, उपाशी... पुढचं त्यांना मनातसुद्धा आणवेना. वळणावळणाच्या त्या रस्त्यावर, मल्लेश पुढं ड्रायव्हरशी बोलत असताना त्यांनी गळ्यातली डबी पदराआड उघडली. आतलं लिंग काढून रुमालात गुंडाळलं आणि रिकामी डबी परत लावून टाकली.

"घावलं," त्या खोलीत शिरता शिरता म्हणाल्या. "डबी न्हाई घावली. नुसतं लिंग घावलं, कोटाच्या अस्तरात गेलतं."

मल्लेशनं चमकून बघितलं. त्यांनी डोळ्यांनी दटावलं.

महादेवप्पा भिंतीला धरून उठले. आंघोळ केली. डाव्या तळहातावर लिंग घेतलं आणि त्याच्याकडं बघत राहिले. फार वेळ. मग त्यांनी पाणी वाहिलं, विभूती लावली, डोळे मिटले. पूजा झाल्यावर लिंग रुमालात बांधून गळ्यात अडकवलं, चार घास दहीभात खाल्ला, आणखी मागून घेतला. बाईंनी भिंतीकडं वळून डोळे पुसले. वाचला बाई माणूस.

बाईंचं स्वतःचं जेवण मात्र बंद झालं. गळ्यात रिकामी डबी घेऊन घास कसा घशाखाली उतरणार? मठात जाऊन स्वामींकडून दुसरं घेईपर्यंत नुसत्या पाण्यावर काढायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. पाण्यापुरती देवाची माफी मागितली.

संध्याकाळी बस डोंगर उतरायला लागली. उतरेल तशी थंडी एकेक कपड्यानं कमी होत गेली. मध्यरात्री स्वेटर निघाले, पहाटे कानटोप्या, आणि दिल्लीत सकाळी नऊलाच उन्हाचा असा चटका बसला की बत्तीस माणसांनी एकदम "आलं बाबा आपलं गाव" म्हटलं. रेल्वेत तर भट्टीच. खिडकीचे गज धरवत नव्हते. एका स्टेशनवर शीख मंडळींनी लंगरची रोटी-भाजी दिली. महादेवप्पांनी हात पुढं करून घेतली.

"तू?"

"माझं पोट बिघडलंय."

"बरं," असं म्हणून ते जेवले. भुसावळला अर्धा डझन केळी घेतली. एक बाईंपुढं धरलं, त्यांनी नको म्हणून मान हलवली, तर सोलून स्वतः खाल्लं. फार आग्रह केला नाही, ते बरंच झालं असं तेव्हा बाईंना वाटलं. आग्रह केला असता तर खोटं पुन्हा बोलावं लागलं असतं. मल्लेश मात्र सारखा येऊन काकू, काकू करत त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

गुरुवारी दुपारी नांदेडला उतरले तेव्हा फलाट तापून तव्यासारखा झाला होता. चार पावलं चालल्या आणि बाईंच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. महादेवप्पांनी दंड धरला, बाकड्यावर बसवलं, पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"लातूरला उतरलो की आधी मठात जाऊ," ते खाली बघत म्हणाले. "स्वामींना सांगून तुझ्यासाठी लिंग मागून घेऊ. मग घरी."

बाईंनी बाटली बाजूला केली. "तुम्हाला कधी कळलं?"

"हातावर घेतलं तवाच. आपलं वजन कळत न्हाई व्हय माणसाला?"

म्हणजे मंगळवार दुपारपासून. दहीभात मागून घेतला तेव्हापासून. लंगर, केळी, सगळं माहीत असताना. शिवगंगाबाईंना वाटलं, आता तरी काही बोलतील. तुझं मन मोडवेना म्हणतील, तुझ्यासाठी म्हणून खाल्लं म्हणतील. खोटं का होईना, बोलावं.

"मग जेवलात कसे?" त्यांनी विचारलं.

महादेवप्पांनी गळ्यातली रुमालाची पुरचुंडी मुठीत घट्ट धरली होती.

"भूक लई लागली होती गं," ते म्हणाले.

बाहेर लातूरची बस लागली होती. मल्लेश यादी हातात घेऊन एकेकाचं नाव पुकारत होता. शिवगंगाबाईंचं नाव त्यानं दोनदा पुकारलं. त्या बाकड्यावरून उठल्या नाहीत.