वासंतीबाईंचा परत द्यायचा राहिलेला डबा

मी एक डबा. स्टीलचा, गोल, घट्ट झाकणाचा, अर्धा किलो चिवडा सहज मावेल एवढा. बढाई मारत नाही, पण पोटावर नाव कोरलेली मंडळी जगात थोडीच असतील. माझ्या पोटावर लिहिलंय, ‘सौ. वासंती श्यामसुंदर खांबेटे, १९७९’.

रविवार पेठेतल्या दुकानात नाव घालणाऱ्याने मशीन टेकवलं तेव्हा मला इतक्या गुदगुल्या झाल्या की मी त्याच्या हातातून सुटून गडगडत वासंतीबाईंच्या पायाशी गेलो. “हा घरात बसणारा दिसत नाही,” असं म्हणून त्या हसल्या होत्या.

आणि त्यांनी मला घरात बसू दिलंच नाही. सदाशिव पेठेतल्या त्या तीन मजली इमारतीत खांबेटे दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मी अनारसे, खांडवी, साखरभात घेऊन सगळ्यांकडे जायचो आणि येताना त्या घरचं काहीतरी घेऊन यायचो. कारण शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. घरात काहीच नसलं तर निदान चिमूटभर साखर घालायची. नुसती चिमूटभर साखर घेऊन मी कितीदा तो जिना उतरलो असेन!

वासंतीबाईंचे यजमान श्यामसुंदरराव हवामान खात्यात होते. बोलणं अगदी मोजकं. त्यांच्या दारावर अजून पाटी आहे, ‘बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.’ पण मी कोणाकडून काय घेऊन आलोय ते बघायला सर्वांत आधी तेच यायचे.

२०१५ च्या दिवाळीत वासंतीबाईंनी मला चिवडा भरून वरच्या मजल्यावर मंदाकिनीबाईंकडे पाठवलं. मंदाकिनीबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. सगळी इमारत त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते. चिवडा दोन दिवसांत संपला. बाईंनी मला घासूनपुसून ठेवलं आणि ठरवलं, आता नारळाच्या वड्या करूनच डबा द्यायचा. नारळ आणायचा राहिला. आज करू, उद्या करू, असं होता होता महिना गेला आणि एके दिवशी सकाळी वासंतीबाई उठल्याच नाहीत.

त्यानंतर बाईंची फारच पंचाईत झाली. रिकामा नेऊन द्यावा तर रीत सोडवेना. वड्या भराव्यात तर दुःखाच्या घरी गोड कसं न्यायचं? आणि वर्ष उलटल्यावर बाईंना लाजच वाटू लागली. त्या मला हातात घ्यायच्या, नाव वाचायच्या आणि पुन्हा फळीवर मागे सरकवून द्यायच्या. साबुदाण्याच्या बरणीमागे मी साडेचार वर्षं काढली.

मग ते २०२० साल आलं. रस्ते ओस पडले, पेपर बंद झाला, म्हाताऱ्या माणसांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. खालून रोज सकाळी सात वाजता खांबेट्यांच्या रेडिओवर बातम्या लागायच्या, त्या बाईंना आता ऐकू येईनात. दोरीवर कपडे दिसेनात. दिवसातून एकदा फक्त टोरांटोच्या मुलीशी, नीरजाशी, फोनवर बोलल्याचा आवाज यायचा. “मी मजेत. तू काळजी घे.” एवढंच, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्या घरात शब्द नाही.

असं आठवडाभर ऐकल्यावर बाईंनी बरणी बाजूला केली आणि मला पुढे ओढलं. मटकीची उसळ भरली, कापडी पिशवीत ठेवलं, पिशवीला कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि गॅलरीतून मला खाली सोडलं. मी आमच्या कठड्यावर ठणकन आपटलो.

बऱ्याच वेळाने श्यामसुंदरराव बाहेर आले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, मागे खोलीत पडदे ओढलेले. टेबलावर चहाचे न विसळलेले कप आणि बिस्किटांचे पुडे. त्यांनी मला बाहेर काढलं आणि नावावर अंगठा फिरवत तिथेच उभे राहिले. एवढ्या वर्षांनी घरी आलो म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, पण त्या माणसाकडे बघून मला खरंच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला साबणाने घासलं आणि उन्हात ठेवलं. (त्या वर्षभरात मला जितक्या आंघोळी घडल्या, तितक्या आधीच्या चाळीस वर्षांत घडल्या नसतील.) डबा त्यांचाच होता, ठेवून घेतला असता तरी चाललं असतं. पण भरून आलेला डबा रिकामा ठेवायचा कसा? त्यांनी स्वयंपाकघर पालथं घातलं, साखरेतल्या मुंग्या निवडल्या, चिमूटभर साखर घातली आणि सोबत चिठ्ठी ठेवली, ‘उसळ पोचली. मीठ कमी.’

बाईंनी चिठ्ठी वाचून टाळी वाजवली. “म्हणजे खाल्ली!”

तिथून आमचं चक्र सुरू झालं. बाई रोज काहीतरी पाठवायच्या, त्यामुळे खांबेट्यांना रोज काहीतरी घालावं लागायचं. साखर संपली. मग त्यांनी गॅलरीतल्या वाळत चाललेल्या कढीलिंबाला पाणी घातलं आणि त्याची चार पानं पाठवली. मग भाजलेले शेंगदाणे. एक दिवस गॅलरीतून मान वर करून ओरडले, “बाई, उपम्यात मीठ चवीनुसार म्हणजे नक्की किती?”

“अहो, अंदाजाने!”

“असं मोघम कसं चालेल?”

“छत्तीस वर्षं पावसाचा अंदाज दिलात ना? आता मिठाचा द्या!”

तो उपमा सुरीने कापावा लागला. बाईंनी तो सगळा संपवला आणि उलट चिठ्ठी पाठवली, ‘उपमा पोचला. अंदाज चुकला.’ त्या दिवशी कितीतरी वर्षांनी मी आमच्या घरात हसणं ऐकलं.

पण मन काही एका उपम्याने ताळ्यावर येत नाही. मे महिन्यात एकदा मी वर गेलो तो फक्त चिठ्ठी घेऊन. ‘आज घालण्यासारखं काही नाही. चार रात्री झोप नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही. डबा रिकामा पाठवत आहे, क्षमस्व.’

बाई मला हातात घेऊनच गॅलरीत गेल्या. “खांबेटे, आहात का?”

“आहे.”

“मलाही होतं हो असं. रविवारी मी भिंतीला पाढे म्हणून दाखवले.”

खालून विचारणा झाली, “कितीपर्यंत?”

“एकोणतीस.” मग बाईंनी एकदाचं सांगून टाकलं, “वासंतीचा डबा इतकी वर्षं माझ्याकडे होता. भरून द्यायचा म्हणून राहिला. चुकलं माझं.”

“ठाऊक होतं मला. मागायला आलो असतो तर ती आता नाही, हे तोंडाने बोलावं लागलं असतं. ती नाही हो, बाई.”

ते रडत होते आणि वर बाई कठडा धरून उभ्या होत्या. रडणं ओसरल्यावर बाई म्हणाल्या, “आता नीरजालाही खरं सांगा. मजेत म्हणू नका.” खांबेट्यांनी संध्याकाळीच फोन लावला. मुलीने पुण्यातले डॉक्टर शोधले, ते आठवड्यातून एकदा फोनवर बोलू लागले, गोळ्या दाराशी येऊ लागल्या. पाच-सहा आठवड्यांत झोप आली. एक दिवस सात वाजता खाली बातम्या लागल्या, तेव्हा बाईंनी माझ्या झाकणावर चक्क ठेका धरला.

विमानं सुरू झाल्यावर नीरजा आली. ओट्यावर मला बघून तिने मला छातीशीच धरलं. “आईचा डबा! बाबा, मी नेऊ हा टोरांटोला?”

श्यामसुंदररावांनी कढईतून मानही वर केली नाही.

“नाही,” ते म्हणाले, “तो वापरात आहे.”

आता मला दोन पोचे आहेत आणि झाकण जरा सैल झालंय. जिना मोकळा आहे, पण दोघांचे गुडघे कुरकुरतात, म्हणून मी अजून दोरीनेच जातो. रोज संध्याकाळी पाच वाजता एक जण वरून बोलतं, एक जण खालून, आणि उपम्याचं मीठ हल्ली बरोबर असतं.

तुमच्याही फळीवर जरा मागे हात घालून बघा. कोणाचा तरी डबा राहिला असेल. चांगलंसं काही करून मगच देऊ, म्हणून थांबू नका. चिमूटभर साखर चालते.

बरं, निघतो. वर नारळ खवल्याचा वास सुटलाय. २०१५ च्या वड्या आज व्हायच्या आहेत, आणि त्या घेऊन मला घरी जायचंय.