धौला कुआँला उकळणारी मोटार

मित्रांनो, मी एक जुनी, चार दारांची पांढरी मोटार आहे. मला काय होत होते ते मला ठाऊक होते, पण कोणाला सांगता येत नव्हते. तेवढ्यापायी एका बाईंचा जीव टांगणीला लागला.

माझा जन्म दिल्लीजवळच्या एका कारखान्यात झाला. त्या काळी लोक नाव नोंदवून माझ्यासारखीची वर्षानुवर्षे वाट पाहत. पुढे बाजार खुला झाला, दुकानांच्या काचांमागे नव्या मोटारी झळकू लागल्या आणि माझ्या पहिल्या मालकांनी मला विकून टाकले. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या गुणवंतरावांनी मला घेतले. ते एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. त्यांच्या पत्नी अहिल्याबाईंनी मला हळदकुंकू लावले. इतक्या प्रेमाने माझ्या कपाळाला कोणी हात लावला नव्हता.

काही वर्षांनी त्यांनी दिल्लीच्या टोकाला नव्याने वसणाऱ्या द्वारका वस्तीत फ्लॅट घेतला. चहूकडे अर्धवट इमारती आणि सिमेंटची धूळ. मेट्रो अजून यायची होती, बस तासातासाने येई. तिथे मोटार ही चैन नव्हती. मीच त्यांचे पाय होते.

त्या हिवाळ्यात संक्रांतीला आम्ही पानिपतला गेलो. दिल्लीतली पुष्कळ मराठी कुटुंबे त्या दिवशी तिथल्या रणभूमीवर नमस्कार करायला जातात आणि परतताना ब्लँकेटे घेतात. गुणवंतरावांनीही घेतली. दोन घरासाठी आणि एक लाल, स्वस्तातले, माझ्यासाठी.

"तिला कशाला?" अहिल्याबाईंनी विचारले.

"सकाळी गारठते बिचारी. म्हातारी झाली आता."

"मीही गारठते."

"म्हणून तर तुला जाड घेतलंय."

रोज संध्याकाळी ते माझे बोनेट उघडत आणि ते ब्लँकेट माझ्या रेडिएटरच्या पुढच्या फटीत दुमडून खोवत. रेडिएटर म्हणजे माझे तापलेले पाणी वाऱ्याने निववणारी जाळी. सकाळी ब्लँकेट काढून नीट झटकत. पण त्याची लोकर सुटत असे. मी धावू लागले की वाऱ्याबरोबर ती जाळीत ओढली जाई, वर सिमेंटची धूळ बसे, दवाने सारे घट्ट होई. असे तीन हिवाळे गेले. माझा श्वास कोंडू लागला.

तोवर अहिल्याबाईंची मूत्रपिंडे निकामी झाली होती. सोमवारी आणि गुरुवारी त्यांना डायलिसिससाठी शहरातल्या रुग्णालयात न्यावे लागे. एप्रिल उजाडला आणि वाटेतल्या धौला कुआँ चौकाच्या गर्दीत मी पहिल्यांदा उकळले. गुणवंतराव बाटलीतले पाणी घेऊन उभे होते, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि अहिल्याबाई आत डोळे मिटून बसल्या होत्या.

गॅरेजवाल्या शंकर मिस्त्रीने रेडिएटरचे झाकण बदलले. मी उकळले. त्याने थर्मोस्टॅट नावाचा पुर्जा काढून फेकला, मग पाण्याचा पंप नवा घातला. मी उकळतच राहिले.

"भैया, चलती है तब ठीक रहती है. रुकते ही गरम होती है," अहिल्याबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या.

"आप आराम से बैठिए, भाभीजी. ये इंजन का मामला है." मग तो गुणवंतरावांकडे वळला. "साहब, इंजन खोलना पडेगा. आठ-दस दिन लगेंगे."

त्याने सांगितलेल्या रकमेत अहिल्याबाईंचे महिन्याभराचे उपचार झाले असते. गुणवंतराव 'पैशांचं बघतो' म्हणाले. मला ओरडावेसे वाटत होते, की इंजिन उघडू नका, पुढे वाका, फक्त पुढे वाकून पाहा. पण मला हॉर्नखेरीज आवाज नाही, आणि तोही दुसऱ्याच्या हातात.

एका गुरुवारी आम्ही पोहोचलोच नाही. रुग्णालयाने शनिवारी सकाळी अकराची वेळ दिली. शनिवारपर्यंत अहिल्याबाईंचे पाय सुजले, चार पावलांत धाप लागू लागली. लग्नसराई होती. स्टँडवर एकही टॅक्सी नव्हती. गुणवंतराव माझ्याजवळ आले आणि बोनेटवर दोन्ही हात टेकून म्हणाले, "आज नको गं. आज तरी नको."

अहिल्याबाई भिंत धरत खाली आल्या. "अहो, माझ्या मशीनची गाळणी चोंदली की ते पीं पीं करतं. तेव्हा कोणी मशीन खोलत बसत नाही. गाळणी बघतात. हिला वारा कुठून जातो?"

"पुढून."

"मग इंजिन चालू करा आणि वर्तमानपत्राचं पान द्या मला."

मी तापले, माझा पंखा फिरू लागला. त्यांनी ते पान माझ्या पुढच्या जाळीशी धरले. पंख्याने वारा ओढला असता तर ते चिकटून राहिले असते. त्यांनी हात सोडला. पान सरळ खाली पडले.

गुणवंतरावांनी मला बंद केले, पंखा थांबल्यावर बोनेट उघडून रेडिएटरपुढच्या फटीत बोटे घातली. बाहेर आला तो धुळीने माखलेला एक जाड पापुद्रा. त्यांनी तो फाडला. आतून लाल होता.

त्यांनी तो तुकडा तळहातावर घेतला. मग म्हणाले, "मीच घातलं हे. रोज, माझ्या हातांनी."

"हो," अहिल्याबाई पायरीवर बसत म्हणाल्या. "आता त्याच हातांनी काढा. रडायचं ते परत आल्यावर. नळी आणि जुना दातांचा ब्रश आणा."

पाऊण तास ते गुडघ्यांवर बसून माझी जाळी धूत होते. लाल पाणी फरशीवरून वाहत होते. माझ्या अंगातून वारा जाऊ लागला.

धौला कुआँला नेहमीसारखे सारे अडले होते. माझ्या तापमानाचा काटा वर चढू लागला. गुणवंतरावांनी पाण्याची बाटली जवळ ओढली. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला.

साडेअकराला आम्ही पोहोचलो. चाकांच्या खुर्चीतून अहिल्याबाईंना आत नेले. मी आत जाऊ शकत नव्हते. कोणाचे काय झाले हे मोटारींना कोणी सांगत नाही. एक वाजला, तीन वाजले, ऊन माझ्या पत्र्यावर तापत राहिले. शेजारच्या गाडीत लोक रडत येऊन बसले आणि निघून गेले.

पाच वाजता गुणवंतराव आले. एकटेच. माझ्यात जे काही आहे ते गोठले. त्यांनी मागचे दार उघडले, रुमाल पाण्यात भिजवला आणि तापलेली सीट पुसू लागले. पुन्हा पुन्हा हात लावून ती गार झाली का ते पाहू लागले. तेव्हा मला कळले, की त्या येत आहेत.

मित्रांनो, आम्हाला जपणाऱ्यांवर माझा राग नाही. एवढीच विनवणी आहे, की माया करताना त्या मुक्या जिवाला श्वास घ्यायला जागा ठेवा. आणि मागच्या सीटवरून कोणी काही सांगत असेल, तर त्या माणसाला 'आराम से बैठिए' म्हणू नका.